शिवलेले खिसे

माझ्या घरमालकांच्या एकाही कपड्याला उघडा खिसा नव्हता. पँटीचे खिसे शिवलेले, सदऱ्याचा खिसा शिवलेला, थंडीतल्या जाकिटाचेही शिवलेले. खिसा असायचा, पण त्याच्या तोंडावर जाड पांढऱ्या दोऱ्याची शिवण. घराची किल्ली ते गळ्यातल्या दोरीला बांधत, चष्मा कपाळावर चढवत आणि किराण्याचे पैसे मुठीत धरून दुकानापर्यंत जात. मोबाइलसाठी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, एक कापडी पिशवी शिवून दिली होती, ती कमरेला लटकायची आणि चालताना मांडीवर आपटायची.

मी नेरच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर रुजू झाले, तेव्हाची ही गोष्ट. आमचं घर पांढरकवड्याला, रोज जाऊन येणं अशक्य. कुणीतरी सांगितलं, कापसाच्या जिनिंगमागच्या गल्लीत कप्तानाकडे वरची खोली रिकामी आहे. मी गेले तर दारात एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे. त्यांनी मला खुर्ची दाखवली. परक्या घरात मला पटकन बसवत नाही, म्हणून मी उभीच राहिले. तेही उभेच. बराच वेळ आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो. शेवटी स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या.

"बसा न वो दोघं बी. का बस येऊन राह्यली इथं?"

मी बसले. मग ते बसले.

"मॅडम, तुम्ही पास झाल्या न?" त्यांनी विचारलं.

"हो. फार्मसी केलंय."

"मंग तुम्ही सिनियर. मी अजून ट्रेनी आहो."

मला वाटलं, थट्टा करतायत. ते करत नव्हते. माझ्या आजोबांच्या वयाचा हा माणूस स्वतःला खरोखरच शिकाऊ समजायचा. दूधवाल्याला ते "साहेब" म्हणत, कारण त्याचा मुलगा दहावी पास झाला होता आणि आयटीआयही. गल्लीतल्या कुणाच्याही आधी ते खुर्चीवर बसत नसत. घराबाहेर पडताना उंबरठ्याशी थांबून आत बघत आणि विचारत, "परवानगी?"

"जा न बापा," काकू आतून म्हणत. "कांदे आनजा."

ही परवानगी रोज मिळायची, आणि ती मिळाल्याशिवाय त्यांचं पाऊल बाहेर पडत नसे.

हे सगळं कुठून आलं, ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. काका पंधरा वर्षांचे असताना कोकणच्या किनाऱ्यावरच्या मुलांच्या नौदल प्रशिक्षण कॉलेजात निवडले गेले होते. ते कॉलेज आता नाही. काकांना मात्र त्याचा इतिहास सगळा तोंडपाठ होता, आणि रात्रीच्या जेवणाला भाकरीबरोबर तो थोडाथोडा वाढला जायचा. आधी तिथं मिठाची गोदामं होती, खाडीच्या अगदी काठावर. गोदामं रिकामी करून त्यांत मुलं ठेवली. पावसाळ्यात भिंतींतून मीठ पाझरायचं. दोरीवर वाळत घातलेले सदरे पापडासारखे कडक व्हायचे. मोडीत निघालेल्या एका जहाजाची डोलकाठी आणून मैदानात पुरली होती, मुलं तिच्यावर चढायला शिकायची. समुद्र फक्त तिच्या टोकावरून दिसायचा, खाली उभं राहिलं तर नुसता चिखल आणि खाडी.

"सगळ्यात वर जो पोट्टा चढे, थो खाली सांगे, आज समुद्र कसा आहे," काका म्हणायचे. "आमाले खाली राहून पाठ होता समुद्र."

आणि खिसे. कॉलेजात दाखल झाल्याच्या दिवशीच प्रत्येक मुलाचे खिसे शिवून टाकत. नाविकाचे हात मोकळे पाहिजेत, खिशात हात घालून उभा राहिलेला मुलगा वादळात कामाचा नाही, असा त्यामागचा विचार. दीक्षान्ताच्या दिवशी सगळी तुकडी उंचीप्रमाणे ओळीत उभी राही, अधिकारी एकच शब्द उच्चारत, "पॉकेट्स!" आणि मग प्रत्येकाच्या खिशाची शिवण त्याच्या डावीकडचा मुलगा कापे. आपला खिसा आपण उसवायचा नाही. प्रमाणपत्र, पट्टा, टोपीवरची फीत हे सगळं नंतर. पास झालो म्हणजे खिसा उघडला, एवढंच मुलांना माहीत.

काकांच्या तुकडीची परीक्षा झाली, निकालही वाचून दाखवला. पण दीक्षान्ताच्या आधीच कॉलेज बंद करण्याचा हुकूम आला. मुलांनी शिडं घडी करून दिली, दोर गुंडाळले, भांडी घासून गोदामात लावली. "पुढचा आदेश घरी येईल," असं सांगून त्यांना गाडीत बसवून दिलं. तिकीट ठेवायला खिसा नव्हता, म्हणून काकांनी ते टोपीत ठेवलं. बडनेऱ्याला उतरले, तिथून एसटीनं नेर. आईनं स्टँडवरच विचारलं, "खिसे काहून शिवले बापा?"

"आदेश यायचा आहे," काका म्हणाले.

आदेश आला नाही. काका जिनिंगमध्ये लागले, तिथंच फिटर म्हणून निवृत्त झाले. खिसे तसेच राहिले. नवीन पँट शिवली की शिंप्याला सांगून तिचेही शिवून घेत.

हे ऐकून मला वाटलं होतं की हा माणूस दुःखी असणार. तसं अजिबात नव्हतं. काका अतिशय आनंदी होते, फक्त त्यांच्या आनंदाला शिस्त होती. गावातले लोक स्टँडवर त्यांना हटकायचे, "काय कप्तान, जहाज कवा लागते फलाटाले?"

"भरती पाहून," काका गंभीरपणे सांगायचे. "सध्या ओहोटी आहे. आणि कप्तान नोका म्हणू बापा. ट्रेनी म्हणा."

जहाजावर ते कधी चढलेच नव्हते. खाडीतल्या वल्ह्याच्या होडीपलीकडे त्यांची मजल गेली नव्हती. हेही ते विचारल्यावर लगेच सांगत. फुशारकी त्यांना येतच नसे.

काकूंची तक्रार लग्नापासूनची होती. "मायवाल्या लग्नातली गोष्ट सांगतो तुले," त्या एकदा तूर निवडता निवडता म्हणाल्या. "आमच्या बाबानं जावयाच्या हातात पाकीट देल्लं. ह्यायनं थे सुटाच्या खिशात घालाले पाह्यलं, जाईच ना! सगळा मांडव पाहून राह्यला. आमची आत्या म्हणे, मायबाई, सूट भाड्याचा आणला काय वो पोट्ट्यानं? दुकानदारानं खिसे शिवून देल्ले!"

"मंग?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना मीही नकळत 'मंग' म्हणायला लागले होते.

"मंग काय. मी हात पुढं केला न् पाकीट घेतलं. तवापासून ह्या घरचे पैसे मायाच जवळ. तसं पाह्यलं तं बरंच झालं."

माझी मात्र काकांशी खरी ओळख उन्हाळ्यात झाली. त्या वर्षी नळ कितीतरी दिवसांच्या अंतरानं यायचे आणि मधे टँकर. टँकर आला की गल्लीत पाइपांवरून, ड्रमांवरून, पूर्वजांवरून भांडणं. मी गच्चीवरून बघायचे. खाली उतरायची माझी हिंमत नव्हती, त्यामुळे माझी बादली बहुतेक वेळा रिकामीच. एकदा काकांनी ती बघितली. पुढच्या टँकरला ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि पोटातून एकच आवाज काढला. असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही. "लाईन!" टँकरचा ड्रायव्हरसुद्धा ताठ झाला. काकांनी सगळे ड्रम एका दोरानं गोवले, प्रत्येकाला अशी गाठ की एका झटक्यात तो ड्रम सुटावा आणि शेजारचा हलू नये. जिचा ड्रम भरेल तिनं दोर ओढायचा आणि बाजूला व्हायचं. पहिला ड्रम घरात म्हातारं माणूस असणाऱ्यांचा, शेवटचा काकांचा स्वतःचा.

"जहाजावर गोड्या पाण्यासाठी कोणी भांडत नाही मॅडम," ते मला म्हणाले. "भांडणाराले समुद्र पाजतात."

ती गाठ गल्लीतल्या बायका अजून मारतात. तिला 'कप्तानगाठ' म्हणतात. काकांना ते नाव आवडत नसे, पण बायकांपुढे त्यांचं काही चाललं नाही.

त्याच उन्हाळ्यात शिंपी बदलला. जुना शिंपी गावी गेला होता आणि त्याच्या पुतण्यानं काकांची नवी पँट शिवली, दोन्ही खिसे छान उघडे ठेवून. काकांनी न बघता ती घातली आणि बाजारात गेले. कांदे घेताना हात सहज खाली गेला आणि खिशात शिरला. तिथून घरापर्यंत ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून, जणू पँटीला ओला रंग दिलाय असे चालत आले. कांदे तिथंच राहिले. आल्या आल्या पँट बदलली आणि पुतण्याकडे नेली.

"हे माया अंगावर लागू नाही," त्याला म्हणाले.

"काका, फिटिंगमधी काही फरक आहे काय?"

"फिटिंग बरोबर आहे. मीच बसत नाही त्याच्यात."

बिचाऱ्याला काही कळलं नाही. पण त्यानं खिसे शिवून दिले आणि वरून माफी मागितली.

मी एकदा विचारलं होतं, तुकडीतल्या बाकीच्यांनी काय केलं? काका म्हणाले, एकानं गाडीतच ब्लेडनं फाडले. "त्याची चूक नाही. हवा गार होती, त्याचे हात गारठले होते." हा नागपूरचा मित्र अधूनमधून फोन करायचा. त्याच्याच फोनवरून एक बातमी कळली.

कॉलेजचे एक जुने विद्यार्थी, पुढे नौदलात मोठे अधिकारी होऊन निवृत्त झालेले, कॉलेजचा इतिहास लिहीत होते. मिठाच्या गोदामांपासून सगळा. पुस्तकात प्रत्येक तुकडीची नावं येणार होती, पण शेवटची तुकडी सोडून. तिचा दीक्षान्त झाला नाही, त्यामुळे ती मुलं कॉलेजची उत्तीर्ण मुलं धरता येत नाहीत, असं त्या साहेबांचं म्हणणं.

काकांनी फोन ठेवला आणि अंगण झाडायला घेतलं. अंगण सकाळीच झाडून झालं होतं.

त्या दिवशी जेवताना इतिहास वाढला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकूंनी भाकरी ताटात टाकली आणि म्हणाल्या, "त्या साहेबाले फोन लावा न् इचारा. तोंड काहून पाडून बसले?"

"साहेबासमोर ट्रेनीनं आपली बाजू मांडाची नसते."

"मंग मी मांडतो."

"तू बोलली तं थे पुस्तकच बंद करतीन."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

"पोरी, तू इंग्रजीत शिकली न?"

इंग्रजीत शिकल्यानं बोलता येतं असा काकूंचा समज होता. मला कोणत्याच भाषेत अनोळखी माणसाशी फोनवर बोलता येत नाही. दवाखान्याच्या खिडकीला जाळी आहे म्हणून माझं निभतं. पण काका जेवत नव्हते. मी नंबर मागितला.

रविवारी सकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. काका माझ्या मागे सावधान उभे, इस्त्रीची पँट घालून. साहेब सभ्य होते, आवाज मऊ, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी इंग्रजीत आणि मधूनमधून हिंदीत सगळं समजावून सांगितलं. नियम त्यांनी केलेला नाही, दीक्षान्त झाल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण धरता येत नाही, कुणाचा अपमान करायचा हेतू नाही.

"येस सर," मागून काका म्हणाले.

"पण परीक्षा झाली होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "निकालही वाचला होता."

साहेब म्हणाले, त्याची नोंद नाही, आणि नोंद असती तरी दीक्षान्त तो दीक्षान्त. तुम्ही तरुण आहात, पण तुमचे काका सैनिकी शिस्त जाणतात, त्यांना पटेल.

"येस सर," काका पुन्हा म्हणाले. माझ्या बाजूनं बोलायला या घरात कुणीच नव्हतं, ज्यांच्यासाठी मी बोलत होते तेसुद्धा नाही. काकू दाराआडून मला हातवारे करत होत्या, बोल, बोल.

जे तोंडात आलं ते विचारलं.

"सर, तुमचा खिसा कुणी कापला होता?"

साहेब थांबले. मग एक नाव घेतलं, आडनावाशिवाय, मुलं एकमेकांना हाक मारतात तसं. म्हणाले, तो पुढं पाणबुडीवर गेला. खिसा कापताना त्याची कात्री माझ्या मांडीला लागली होती. त्यांनी नकळत मांडीवर हात फिरवला.

मी फोन उचलला आणि काकांच्या पँटीच्या खिशावर धरला. पांढऱ्या दोऱ्याची शिवण पडद्यावर मोठी दिसत असणार.

"यांचा अजून कापलेला नाही," मी म्हणाले. "आदेश आला नाही म्हणून."

"हे आजचं आहे?" साहेबांनी विचारलं. या वेळी हिंदीत.

"येस सर," काका म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. "मी बाकीच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलतो," एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाला. काकूंनी गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात घातला. काकांनी मला सॅल्यूट केला. सिनियरला करतात तसा, पूर्ण.

पुढं काही दिवस उत्तर नव्हतं. काका फोनकडे बघतही नसत, म्हणजे त्यांचं सगळं लक्ष फोनकडेच होतं. मग एका सकाळी नळ आले. अंगणात पाइप, ड्रम, बादल्या. काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे. माझा फोन वाजला. साहेब होते. म्हणाले, शेवटची तुकडी पुस्तकात येईल, सगळ्यांनी मान्य केलंय. आणि आता फोन मोठ्या आवाजावर ठेवा.

मी ठेवला. काकांनी पाइप खाली टाकला आणि सावधान झाले.

"लास्ट बॅच," साहेबांचा मऊ आवाज एकदम बदलला. काकांचा टँकरवाला आवाज कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं. "पॉकेट्स!"

काका हलले नाहीत. पाणी ड्रमावरून वाहायला लागलं होतं.

"सर," काका हिंदीत म्हणाले, "माझ्या डावीकडे कुणी नाही. तो मागच्या वर्षी गेला."

साहेबांनाही याचा नियम माहीत नसावा. मी काकांच्या डावीकडे बघितलं. तिथं काकू उभ्या होत्या, हातात भाजीची परडी.

"मी काय दिसून नाही राह्यली काय?" काकू म्हणाल्या. "इतके वर्षं डावीकडंच तं उभी आहो. पोरी, कात्री आन."

मी धावत जाऊन शिलाई मशीनच्या खणातली कात्री आणली. काकूंनी एक हात काकांच्या कमरेवर ठेवला आणि शिवण कापायला लागल्या. पायजम्याच्या खिशाची शिवण दुहेरी होती, जुन्या शिंप्याची. "किती घट्ट मारली मेल्यानं," असं पुटपुटत त्यांनी एक खिसा मोकळा केला, मग वळसा घालून दुसरा. दोऱ्याचे तुकडे पाण्यात पडले आणि वाहत मोरीकडे गेले.

"घाला हात," काकू म्हणाल्या.

काकांनी हात घातला. बाहेर काढला नाही.

"अंदर काहीच नाही," ते म्हणाले.

"असन कसं? आत्ताच तं उघडला."

फोनमधून साहेबांचं हसू ऐकू आलं, आणि मग नाक ओढल्याचा आवाज. नळ बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. त्या दिवशी आमच्या अंगणातून गल्लीभर पाणी वाहिलं, आणि पाण्याच्या बाबतीत इतक्या कडक माणसाच्या दारात हे कसं घडलं, असं गल्लीतल्या बायका महिनाभर विचारत होत्या.

काकांच्या सवयी त्यानंतर फारशा बदलल्या नाहीत. उंबरठ्यावर परवानगी मागणं चालूच राहिलं. दूधवाला "साहेब"च राहिला. फक्त किल्ली खिशात ठेवायला लागले आणि दोनदा हरवली. काकू कपाळाला हात लावायच्या. "ट्रेनी होते थेच बरे होते," म्हणायच्या. आणि मला ते अजूनही मॅडमच म्हणत, पण आता माझ्याआधी खुर्चीत बसत. मला ते फार आवडायचं.

दीड वर्षानं माझी बदली पांढरकवड्याला झाली. एरवी मी सुट्टीला घरी निघाले की काका स्टँडवर यायचे. बस सुटली की उजवा हात सरळ वर करायचे आणि बस पेट्रोल पंपाशी वळेपर्यंत तो खाली घेत नसत. जहाज दिसेनासं होईपर्यंत हात वर ठेवायचा, अशी कॉलेजची पद्धत. बसमधल्या लोकांनाही ते माहीत झालं होतं.

शेवटच्या दिवशीही ते आले. माझी बॅग टपावर चढवून दिली, गाठ स्वतः बांधली. बस सुटली. मी खिडकीतून मागे बघत राहिले. मी हात हलवला.

काकांनी हात वर केला नाही. स्टँडच्या मधोमध, उन्हात, पाय थोडे फाकवून ते आरामात उभे होते, सुट्टीवर आलेल्या एखाद्या मुलासारखे. बस पंपाशी वळेपर्यंत ते तसेच दिसत राहिले, दोन्ही हात खिशात घालून.